सेवा आणि उतराई : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चीनमधील कार्य व त्यांच्या स्मृतीचा इतिहास

प्रस्तावना

सेवेचा इतिहास लिहिताना सेवा करणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. त्याचा त्याग, त्याचे कष्ट, त्याचा मृत्यू यांची नोंद होते. ज्यांची सेवा झाली त्यांनी पुढे त्या उपकाराचे काय केले, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात फारसा विचारला जात नाही. वास्तविक सेवा आणि कृतज्ञता ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. मराठीत या दुसऱ्या टोकासाठी 'उतराई होणे' असा नेमका शब्दप्रयोग आहे. घेतलेल्या ऋणाचे ओझे डोक्यावर आहे आणि ते केव्हातरी उतरवले पाहिजे, ही जाणीव त्यात अभिप्रेत आहे. एखाद्या समाजाने परक्या माणसाचे असे ऋण किती काळ आणि कोणत्या रूपात लक्षात ठेवले, हे तपासण्यासाठी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्याइतके बोलके उदाहरण आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

डॉ. कोटणीस यांचे नाव महाराष्ट्रात अपरिचित नाही. परंतु ते बहुधा एका चित्रपटाच्या शीर्षकातून परिचित आहे. त्यांच्या कार्याचे स्वरूप आणि त्या कार्याला चीनमध्ये मिळालेला प्रतिसाद यांचा एकत्रित विचार केल्यास त्या परिचयापलीकडचे बरेच काही हाती लागते.

वैद्यकीय पथकाची पार्श्वभूमी

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलाच्या परिसरात जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली आणि तिचे रूपांतर पूर्ण युद्धात झाले. चिनी सैन्याकडे शस्त्रांचा तुटवडा होताच. त्याहून मोठा तुटवडा डॉक्टरांचा आणि औषधांचा होता. आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी १९३७ च्या अखेरीस पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. निधी जमला, सुमारे २२ हजार रुपयांचा. स्वतः परतंत्र असलेल्या आणि आपल्याच खेड्यांत पुरेसे डॉक्टर नसलेल्या देशाने दुसऱ्या देशासाठी हा पैसा उभा केला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. स्पेनमधील यादवी युद्धातील वैद्यकीय कामाचा त्यांना अनुभव होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे पाचांत वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, तसेच सोलापूरचे डॉ. कोटणीस हे उर्वरित तिघे. पाचांपैकी दोघे मराठी भाषक होते, हे सहसा सांगितले जात नाही. त्यातही डॉ. चोळकरांचे नाव आज विदर्भातसुद्धा फारसे कोणाला ठाऊक नसावे.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. दोन भाऊ आणि पाच बहिणी असा मोठा परिवार होता. त्यांच्या ऐन तारुण्यात, १९३० साली, सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि जानेवारी १९३१ मध्ये या शहरातील चार देशभक्तांना फाशी देण्यात आली. वीस वर्षांच्या युवकाच्या मनावर या घटनांचा संस्कार झालाच नसेल, असे म्हणता येत नाही. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांनी पथकासाठी आपले नाव दिले. अशा वेळी घरातील शिकलेल्या मुलाने मिळवते व्हावे, ही त्या काळातील मध्यमवर्गीय कुटुंबाची स्वाभाविक अपेक्षा असे. ती बाजूला ठेवून घेतलेला हा निर्णय होता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथकाने मुंबई सोडली. कँटन येथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हँकौमार्गे ते चुंगकिंगला पोहोचले. तेथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे देण्यात आली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस हे 'के दिहुआ' झाले. काम अद्याप सुरूही झाले नव्हते. तरीही आलेल्या पाहुण्याला आपल्या देशाचे नाव देऊन आपल्यात घेणे, ही कृतज्ञतेची पहिली खूण मानावी लागेल.

येनानकडे निघण्यापूर्वीच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी परतण्यास सबळ कारण होते. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

आघाडीवरील कार्य

सेवा आनंदाने केली की कर्तव्य म्हणून, हे इतिहासाच्या अभ्यासकाने कसे ठरवावे? मनातील भाव कागदपत्रांत सापडत नाहीत आणि चरित्रकार तर सर्वच सेवकांना प्रसन्नवदन करून टाकतात. म्हणून येथे कृतींकडे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. कोटणीस यांच्या बाबतीत अशा काही कृती स्पष्टपणे समोर येतात.

पहिली म्हणजे त्यांचे तेथे राहणे. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले. १९४० मध्ये डॉ. अटल यांनाही प्रकृतीच्या कारणाने परतावे लागले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्या डोंगराळ, थंड आणि अन्नाची टंचाई असलेल्या प्रदेशात टिकून राहणे हीच एक परीक्षा होती. मागे राहिले ते बसू आणि कोटणीस. काही लेखनात कोटणीस यांनी चीनमध्ये 'पाच वर्षे' सेवा केल्याचा उल्लेख आढळतो. प्रत्यक्षात सप्टेंबर १९३८ ते डिसेंबर १९४२ हा कालखंड सव्वाचार वर्षांचा आहे. गौरवाच्या भरात वाढवलेल्या महिन्यांची त्यांच्या कार्याला गरज नाही.

दुसरी कृती म्हणजे भाषा. मदतीसाठी आलेला तज्ज्ञ दुभाष्याच्या आधाराने आपले काम करून जाऊ शकतो. कोटणीस यांनी चिनी भाषा केवळ बोलण्यापुरती आत्मसात केली नाही. त्या भाषेत त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले. ज्याची सेवा करायची त्याच्या बोलीत जाऊन बसण्याचे हे कष्ट कोणी हुकूम देऊन करून घेऊ शकत नाही.

१९३९ च्या अखेरीस कोटणीस, बसू आणि अटल आघाडीकडे निघाले. त्याच सुमारास, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विषबाधा होऊन मृत्यू झाला होता. शान्सी-चाहार-हपै या सीमाप्रदेशात १९४० साली पोहोचलेल्या भारतीय डॉक्टरांनी बेथ्यून यांच्या समाधीचे दर्शन घेतले. एका परदेशी डॉक्टरची रिकामी झालेली जागा दुसऱ्याने भरून काढावी, असा हा योग होता. त्याच वर्षी 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' या नावाने ओळखले जाणारे मोठे युद्धसत्र सुरू झाले आणि जखमींचा ओघ वाढला. या धुमश्चक्रीत कोटणीस यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एका वेळी सलग बहात्तर तास विश्रांतीविना शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आघाडीवरील शस्त्रक्रियागृह म्हणजे अनेकदा एखाद्या शेतकऱ्याचे घर किंवा देऊळ असे, आणि शत्रू जवळ आला की जखमींसह सारा पसारा दुसऱ्या गावी हलवावा लागे.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. हे रुग्णालय हपै प्रांताच्या तांग परगण्यातील गेगोंग या गावी होते. तीस वर्षांचा सोलापूरचा तरुण आता एका संस्थेचा प्रमुख झाला. या काळात त्यांनी शल्यचिकित्सेवर चिनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके लिहिण्यास घेतली. त्यांपैकी दुसरे पुस्तक त्यांच्या मृत्यूमुळे अपुरेच राहिले. जखमीवरील उपचार त्या दिवसापुरता असतो. शिकवलेला विद्यार्थी पुढील तीस-चाळीस वर्षे उपचार करीत राहतो. पुढे त्यांच्या स्मृतीला जे स्थैर्य लाभले, त्याचे एक मूळ या अध्यापनात शोधावे लागते.

गावकरी आणि सहकारी त्यांना 'काळी आई' म्हणत, असे सांगितले जाते. हा उल्लेख मराठी वाचकाला थबकवणारा आहे. कारण मराठी शेतकरी आपल्या जमिनीला याच नावाने संबोधतो. दोन्ही भाषांतील हा योगायोगच असला, तरी परक्या वर्णाच्या पुरुषाला 'आई' म्हणावेसे वाटणे यातून त्याने केलेल्या शुश्रूषेची जात कळते. सेनापती पदके देतात, परंतु असे नाव रुग्णच देऊ शकतात.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी कोटणीस यांचा विवाह त्याच संस्थेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवल्यावरून त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते. भारतातील काही चरित्रपर लेखनात हा तपशील गाळला जातो आणि चिनी लेखनात तोच ठळक केला जातो. दोन्ही बाजूंची ही निवड सोयीची आहे. त्यांचा कल राजकीय होता हे मान्य केल्याने त्यांची सेवा उणी ठरत नाही.

अपस्माराचे झटके त्यांना आधीपासून येत होते. आघाडी सोडून उपचार व विश्रांती घेण्याचा सल्ला वरिष्ठांनी दिला होता. तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी गेगोंग येथे त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

कृतज्ञतेची रूपे

माओ त्से-तुंग यांनी स्वहस्ते शोकसंदेश लिहिला. सैन्याने एक मदतीचा हात आणि राष्ट्राने एक मित्र गमावला, असा त्याचा आशय होता. झौ एनलाय यांनी १९४३ मध्ये कोटणीस कुटुंबाला सांत्वनपर पत्र पाठवले. ही नेत्यांची कृतज्ञता झाली. ती महत्त्वाची असली, तरी राज्यकर्त्यांच्या कृतज्ञतेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मित्रराष्ट्र हवे असते तेव्हा मित्राची आठवण होते. ते नकोसे झाले की आठवणही मागे पडते. कोटणीस यांच्या स्मृतीची खरी कसोटी म्हणूनच १९६२ नंतर लागली.

भारत-चीन युद्धाने पंधरा वर्षांची मैत्रीची भाषा एका महिन्यात पुसून टाकली. पाठोपाठ १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीचे वादळ आले आणि परदेशाशी जोडलेली प्रत्येक गोष्ट संशयास्पद ठरू लागली. त्या काळात बेथ्यून यांचे नाव घरोघरी होते. कारण माओ यांनी डिसेंबर १९३९ मध्ये त्यांच्यावर लिहिलेला लेख सर्वांना सक्तीने वाचावा लागे. कोटणीस यांच्या वाट्याला लेख नव्हता, चार ओळींचा संदेश होता. ते बेथ्यून यांच्या छायेत राहिले, असे म्हणता येईल. परंतु याच छायेने त्यांचे रक्षणही केले असावे. रुग्णालय बेथ्यून यांच्या नावाचे, त्याचे संचालक कोटणीस. शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत या दोन्ही डॉक्टरांच्या समाध्या आहेत. एकाला पुसायचे तर दुसऱ्यालाही धक्का लागणार होता.

पुढे शिजियाझुआंग येथे हललेल्या त्याच रुग्णालयात डिसेंबर १९७६ मध्ये कोटणीस स्मृतिदालन उघडण्यात आले. भारत आणि चीन यांनी एकमेकांच्या राजधानीत पुन्हा राजदूत पाठवले तेही १९७६ सालीच. या दोन गोष्टींचा संबंध नाकारता येत नाही. स्मृतिदालनाला मुत्सद्देगिरीचा हातभार लागला, हे उघड आहे. तथापि जे नव्हतेच ते मुत्सद्दी निर्माण करू शकत नाहीत. रुग्णालयातील नोंदी, शस्त्रक्रियेची साधने, त्यांच्या हातची टिपणे चौदा वर्षांच्या दुराव्यातही कोणीतरी सांभाळून ठेवली होती. ती सांभाळणाऱ्यांना त्या काळात त्याचे कोणतेही श्रेय मिळणार नव्हते. राज्यकर्त्यांची कृतज्ञता आणि संस्थेची कृतज्ञता यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

यानंतर सन्मानांची मालिका सुरू झाली. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली आणि त्याच वर्षी चिनी भाषेत चित्रपटही निघाला. राष्ट्राध्यक्ष हू जिंताव यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये आणि पंतप्रधान ली कछ्यांग यांनी मे २०१३ मध्ये मुंबई भेटीत कोटणीस यांच्या भगिनींची आवर्जून भेट घेतली. सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत आले असता नव्वदी ओलांडलेल्या त्यांच्या भगिनीचा त्यांनी सन्मान केला.

या राजशिष्टाचारापेक्षा अधिक अर्थपूर्ण गोष्ट शिजियाझुआंगमधील एका वैद्यकीय शिक्षणसंस्थेत घडते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला 'के दिहुआ' यांचे नाव आहे. तेथे नव्याने दाखल होणारे विद्यार्थी आणि अध्यापक कोटणीस यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून त्यांच्याप्रमाणे रुग्णसेवा करण्याची शपथ घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये या संस्थेने त्यांचा कांस्य पुतळा उभारल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्याआधी तीन महिने, जून २०२० मध्ये, गलवान खोऱ्यात दोन्ही देशांच्या सैन्यात रक्तपात झाला होता. पुतळ्याचे काम अर्थातच आधीच सुरू झालेले असणार. तरीही ते थांबवणे त्या क्षणी सोपे आणि सुरक्षित होते. ते थांबवले गेले नाही.

कृतज्ञतेचे आणखी एक रूप उलट दिशेने आले. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि कलकत्त्यात या उपचारपद्धतीचा प्रसार केला. ज्यांना औषध द्यायला गेले त्यांच्याकडूनच ते औषध शिकून आले. भारतात ॲक्युपंक्चरच्या काही केंद्रांना कोटणीस यांचे नाव आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

मायदेशातील स्मृती

भारतातील चित्र काहीसे निराळे आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीस यांच्यावर १९४४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणीस यांची भूमिका शांताराम यांनी आणि छिंगलान यांची भूमिका जयश्री यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. कोटणीस हे नाव भारतभर पोहोचवण्याचे श्रेय निःसंशय या चित्रपटाचे आहे. मात्र त्यात प्लेगची साथ आणि तिच्याशी झुंजताना ओढवलेला मृत्यू रंगवला आहे. वास्तवातील अपस्मार, अपुरे पाठ्यपुस्तक, दररोजचे अध्यापन यांत नाट्य कमी होते. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात ठसला तो हौतात्म्याचा क्षण; सव्वाचार वर्षांचे शांत, चिवट काम निसटले.

भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले ते १९९३ मध्ये, म्हणजे चीनने काढल्यानंतर अकरा वर्षांनी. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक २०१२ मध्ये खुले झाले. निधनानंतर सत्तर वर्षांनी. 'पिकते तिथे विकत नाही' ही म्हण येथे आठवते, परंतु ती पुरेशी नाही. सोलापूरकरांची सेवा कोटणीस यांनी केलीच नव्हती. त्यांना कृतज्ञ राहण्यासारखे प्रत्यक्ष काही मिळाले नव्हते, मिळाला होता तो अभिमान. अभिमान लवकर पेटतो आणि लवकर विझतो. उपकृताची आठवण मात्र सावकाश चालते, कारण ती बरे झालेल्या माणसाच्या शरीरात आणि त्याच्या मुलाबाळांच्या बोलण्यात असते. चीनला कोटणीस अधिक कळले आणि भारताला कमी, असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. दोन्हीकडे आठवण ठेवण्याची कारणेच भिन्न होती.

सेवेच्या मोजमापात आणि कृतज्ञतेच्या वाटपात सुसंगती नसते, हे मात्र मान्य करावे लागते. पथकातील अन्य चौघांची नावे अभ्यासकांपुरती उरली. नागपूरचे डॉ. चोळकर उतारवयात दूर देशी युद्धभूमीवर गेले, ही घटना स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकते. जो परतला नाही त्याची आठवण राहिली. जे परतले ते आपापल्या रुग्णांत मिसळून गेले.

यिनहुआ यांनी वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षण घेतले. ते पूर्ण होण्यापूर्वीच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. गुओ छिंगलान यांनी मात्र दीर्घ आयुष्य अनुभवले. कोटणीस यांच्यासोबतच्या दिवसांच्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या, अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांशी नाते राखले आणि दोन देशांचे संबंध बिघडले तेव्हाही ते तोडले नाही. सोलापूरचे स्मारक ज्या वर्षी खुले झाले त्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, डालियन येथे वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.